सायकलवाला ऑर्व्हिल राइट

आपल्यापैकी कितीतरी जण बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून रोज ये-जा करतात. या रस्त्याला हे नाव कशावरून पडले, असे वर्गात विचारले तर मात्र दोन-तीनच हात वर होतात. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे वडीलबंधू रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे नांगर, पंप, इंजिने असा जो मोठा पसारा वाढला त्याचे मूळ त्या लहानशा दुकानात आहे. या घटनेनंतर चार-पाच वर्षांनी, सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन नावाच्या गावी आणखी दोन भावांनी सायकलचे दुकान काढले. ते म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. त्यांनी विमान उडवले हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण विमानाच्या आधी ते अनेक वर्षे आपल्या हाताने सायकली बनवीत होते, आणि विमानात जे जे लागले त्यातले बरेचसे ते त्या दुकानातच शिकले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकली जाते. आज त्या दोघांपैकी धाकट्याची, ऑर्व्हिलची, हकीकत सांगायची आहे.

ऑर्व्हिलचा जन्म १९ ऑगस्ट १८७१ रोजी डेटन येथे झाला. वडील मिल्टन राइट हे ख्रिस्ती धर्मपीठातील बिशप. त्यांना धर्मकार्यासाठी सतत फिरतीवर राहावे लागे. घरात हातोडी-पकड चालवण्याचे कसब होते ते आईकडे. आई सुसान ही गाड्या बनवणाऱ्या कारागिराची मुलगी. वडिलांच्या कारखान्यात वाढल्यामुळे तिला अवजारांची भीती नव्हती. मुलांसाठी बर्फावरून घसरायची गाडी तिने स्वतः बनवली होती. काही बिघडले की मुले बापाकडे न जाता आईकडे जात. १८७८ साली वडिलांनी प्रवासातून येताना रबराच्या पिळावर उडणारे एक खेळणे आणले. ते मोडेपर्यंत मुले खेळली आणि मग त्याच्या नकला बनवू लागली. खेळणे जितके मोठे करावे तितके ते वाईट उडते, हे त्यांना तेव्हाच दिसले. त्याचे कारण समजायला मात्र बरीच वर्षे जावी लागली.

शाळेत ऑर्व्हिल फार चमकला असे नाही. त्याला छपाईचे वेड लागले. १८८८ मध्ये त्याने विल्बरच्या मदतीने स्वतःचे छपाईयंत्र जुळवले. त्यात थडग्यावरचा एक टाकून दिलेला दगड आणि बग्गीच्या घडीच्या टपाचे लोखंड असा सामान होता! त्या यंत्रावर पुढच्या वर्षी त्याने गल्लीतले एक साप्ताहिक काढले. त्याच वर्षी, १८८९ मध्ये, आई क्षयाने गेली. अकरा वर्षांपूर्वी आणलेले खेळणे मुलांनी ज्या हातांकडे दुरुस्तीला नेले असते ते हात आता घरात नव्हते. ऑर्व्हिलने शाळेचा शेवटचा दाखला कधीच घेतला नाही. विल्बरनेही घेतला नव्हता. पालकांनी हे वाक्य मुलांना वाचून दाखवताना जरा जपून दाखवावे. दाखला नसला तरी या दोघांचे वाचन आणि गणित कच्चे नव्हते.

१८९२ साली दोघांनी सायकली घेतल्या. ऑर्व्हिलने १६० डॉलर मोजून नवी कोरी घेतली, विल्बरने लिलावात ८० डॉलरला जुनी उचलली. दोघांचे स्वभाव यात दिसतात. ऑर्व्हिल शर्यतीत उतरे, त्याने काही पदकेही मिळवली. त्या काळी सायकल म्हणजे नवलाईची वस्तू होती. पुढचे चाक माणसाएवढे आणि मागचे टीचभर अशी जुनी उंच सायकल मागे पडत होती, आणि दोन सारखी चाके, हवेचे टायर व चेन असलेली आजच्यासारखी सायकल आली होती. भावांना जुन्या उंच सायकलींचीही गंमत वाटे. अशा दोन मोडीतल्या सायकली जोडून त्यांनी दोघांनी मिळून चालवायची एक अजस्र सायकल केली होती. ती चालवणे हे गावातल्या धाडसी लोकांचेच काम असे.

ओळखीचे लोक दुरुस्तीला सायकली आणू लागले तेव्हा १८९२च्या अखेरीस त्यांनी जागा भाड्याने घेतली आणि १८९३च्या वसंतात दुकान सुरू झाले. विक्री, भाडे, दुरुस्ती असे सगळे काम. पण गावात दुकाने वाढली, स्पर्धा वाढली. तेव्हा दुसऱ्याच्या सायकली विकण्याऐवजी आपली सायकल आपणच बनवायची, असे त्यांनी ठरवले. १८९६ मध्ये त्यांची पहिली सायकल बाजारात आली. तिचे नाव ‘व्हॅन क्लीव्ह’. डेटनमध्ये सुरुवातीला येऊन राहिलेल्या त्यांच्या पूर्वजांचे हे आडनाव. त्याखालची स्वस्त सायकल ‘सेंट क्लेअर’.

ही सायकल कशी बनत असे ते जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या कार्यानुभवाच्या तासाला याचा उपयोग आहे. प्रत्येक वस्तू काही ते घडवीत नसत. टायरसारखा माल बाहेरूनच येई. पण सांगाडा दुकानात उभा राही. पोलादी नळी मापाने कापायची, तिचे टोक कानशीने असे गोलवट घासायचे की ते दुसऱ्या नळीच्या गोलाईवर फटीशिवाय बसावे, मग सांधा तापवून पितळेची झाळ द्यायची, ही त्या काळची रीत. फट राहिली तर झाळ नुसती वरून दिसते, आत धरत नाही, आणि वर्षभरात सांधा तडकतो. त्यानंतर रंग. व्हॅन क्लीव्हवर रंगाचे एकावर एक थर देऊन ते भट्टीत भाजले जात. चाकाचे स्पोक एकेक करून ताणायचे आणि चाक फिरवून त्याचा ‘आउट’ काढायचा. ज्याने कधी सायकलच्या दुकानात बसून हे पाहिले आहे त्याला माहीत आहे की एक स्पोक जास्त आवळला की समोरच्या दोघांची तक्रार सुरू होते.

भावांचा खरा अभिमान होता तो चाकाच्या हबवर. सायकलचा हब म्हणजे चाकाचा मधला भाग, ज्यात छर्रे असतात. त्या काळचे रस्ते मातीचे. धूळ आत शिरे, तेल बाहेर गळे आणि छर्रे लवकर झिजत. राइट बंधूंनी हब असा आखला की तेल आत साठून राहावे आणि धुळीला वाट मिळू नये. मागे पायडल दाबले की थांबणारा ब्रेकही त्यांनी आपला स्वतःचा केला. १९०० साली त्यांनी आणखी एक जाहिरात केली : आपोआप न सुटणारे पायडल. साधे आटे असलेले डावे पायडल चालवता चालवता हळूहळू ढिले होऊन गळून पडे. म्हणून त्यांनी डाव्या बाजूला उलटे आटे पाडले. ही युक्ती जगात एकट्या त्यांनाच सुचली असे मी म्हणणार नाही. पण आज घरी गेल्यावर आपल्या सायकलचे डावे पायडल सोडवून पाहा. पाना नेहमीच्या दिशेने फिरवलात तर ते सुटणार नाही, उलट आवळेल. मला हे लहानपणी माहीत नव्हते आणि त्यापायी मी एक क्रँक कायमचा खराब केला होता.

या सगळ्या कामासाठी दुकानात लेथ होते, भोके पाडायचे यंत्र होते आणि ती यंत्रे फिरवायला गॅसवर चालणारे एक लहान इंजिन होते. हे इंजिनही भावांनी स्वतःच बनवले होते. म्हणजे आपल्याला हवा असलेला भाग बाजारात मिळत नसेल तर कागदावर आखायचा आणि बनवायचा, ही सवय विमानाच्या आधीच हाडीमाशी खिळली होती.

१८९६ मध्येच ऑर्व्हिलला विषमज्वर झाला. सहा आठवडे तो अंथरुणावर होता, जगेल की नाही अशी स्थिती होती. त्याच ऑगस्टमध्ये जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल हे पंख लावून टेकडीवरून तरंगणारे संशोधक अपघातात गेले. भाऊ बरा झाल्यावर विल्बरने त्याला ही बातमी सांगितली आणि दोघांचे लहानपणचे कुतूहल पुन्हा जागे झाले.

इथे सायकलवाल्यांची दृष्टी कामी आली. उडण्याच्या मागे लागलेल्या बऱ्याच लोकांना विमान जहाजासारखे हवे होते, आपले आपण स्थिर राहणारे. राइट बंधूंना यात विशेष वाटले नाही. सायकल तरी कुठे आपली आपण उभी राहते? हात सोडला की पडते. तोल राखायचा तो चालवणाऱ्याने, आणि वळायचे तर त्या बाजूला झुकायचे. विमानानेही झुकून वळावे आणि झुकवण्याचे साधन चालकाच्या हाती असावे, असे त्यांच्या मनाने घेतले. पण पंख झुकवायचे कसे? १८९९ साली एका गिऱ्हाइकाशी बोलता बोलता विल्बर हातातला ट्यूबचा रिकामा खोका सहज पिळत होता. त्याला दिसले की खोक्याची दोन टोके उलटसुलट पिळली जातात, तरी खोका मोडत नाही. एकावर एक असे दोन पंख तारांनी असेच पिळता येतील! खोका सायकलच्या ट्यूबचा होता.

१९०० पासून ते दर वर्षी सायकलचा हंगाम आटोपला की नॉर्थ कॅरोलिनातील किटी हॉक या वाळूच्या किनाऱ्यावर जात. १९०१चे ग्लायडर फसले. त्यांनी थोरामोठ्यांच्या पुस्तकातले आकडे घेऊन पंख केले होते, आणि पंख त्या हिशेबाच्या जवळपासही उचलत नव्हते. दोघे निराश होऊन परतले. मग त्यांनी सेंट क्लेअर सायकलच्या हँडलसमोर एक तिसरे चाक आडवे बसवले. त्यावर एका जागी वक्र पंखाचा लहान नमुना, दुसऱ्या जागी सपाट पत्रा. सायकल जोरात दामटली की हवेच्या दाबाने चाक कोणत्या बाजूला फिरते ते पाहायचे. डेटनच्या रस्त्यावरून असे तीनचाकी सोंग धावताना लोक काय म्हणाले असतील कोण जाणे. पण पुस्तकातले आकडे चूक आहेत, ही त्यांची शंका बळावली. त्यानंतर त्यांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी करून तीत पंख्याने वारा सोडला आणि पंखांचे दोनशेच्या आसपास नमुने तपासले. पेटीतले नाजूक तराजू हॅकसॉच्या जुन्या पात्यांचे आणि सायकलच्या स्पोकच्या तारेचे होते. १९०२चे ग्लायडर या आकड्यांवर बनले आणि ते उडाले. त्या ग्लायडरचे शेपटाचे सुकाणू हलते करावे, ही सूचना ऑर्व्हिलची होती.

आता इंजिन हवे होते. हलके इंजिन विकत मिळेना. तेव्हा दुकानातला मिस्त्री चार्ली टेलर कामाला लागला. रीतसर नकाशे नव्हते. एखादा भाग हवा असला की कागदाच्या कपट्यावर चित्र काढायचे, आणि चार्ली तो कपटा आपल्या टेबलावरच्या खिळ्याला टोचून ठेवायचा. क्रँकशाफ्टसाठी पोलादाची एक जाड लाद आणली, तीवर आकार आखला, कडेकडेने भोके पाडून नको तो भाग उडवला आणि उरलेले लेथवर घातले. तयार झालेला शाफ्ट १९ पौंडांचा भरला. सहा आठवड्यांत चार सिलिंडरचे इंजिन उभे राहिले. चाचणीत त्याचा अॅल्युमिनियमचा सांगाडा फुटला. पुन्हा ओतून आणला. अखेर १२ अश्वशक्ती मिळाली. पंखे दोन, लाकूड तासून केलेले, आणि इंजिनापासून पंख्यांपर्यंत शक्ती नेणारी काय? चेन आणि दातेरी चाके. एक पंखा उलट फिरायला हवा होता म्हणून त्याची चेन इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी तिढा देऊन नेली.

१९०३च्या नोव्हेंबरात किटी हॉकला इंजिन सुरू करताच पंख्यांच्या दांड्यांनी दगा दिला. त्या डेटनला पाठवून दुरुस्त करून आणल्या, तर आता दातेरी चाकांचे नट सुटू लागले. कितीही आवळा, इंजिनच्या हिसक्यांनी पुन्हा ढिले. त्यावर त्यांनी दुकानातले औषध वापरले : रिमला टायर चिकटवायचे घट्ट सिमेंट. ते तापवून आट्यांत ओतले आणि चाके जी बसली ती बसली. थोड्याच दिवसांत पोकळ दांडीला तडा गेला. थंडी वाढली होती, वर्ष संपत आले होते. त्याच दिवसांत वॉशिंग्टनजवळ लँगले या नामांकित शास्त्रज्ञाचे विमान सरकारचे ५० हजार डॉलर घेऊन दुसऱ्यांदा नदीत कोसळले. ऑर्व्हिल ३० नोव्हेंबरला एकटाच निघाला, डेटनला दुकानात जाऊन भरीव स्प्रिंग स्टीलच्या नव्या दांड्या तयार केल्या आणि ११ डिसेंबरला त्या घेऊन परत आला. मला या साऱ्या चरित्रात हा आगगाडीचा प्रवास फार महत्त्वाचा वाटतो. दांडी तुटली म्हणून दुसऱ्याच्या कारखान्याकडे महिनाभर वाट पाहत बसावे लागले असते तर १९०३ साल तसेच निघून गेले असते.

पुढचे आपणांस ठाऊक आहे. १४ तारखेला नाणेफेक जिंकून विल्बरने प्रयत्न केला, तो साधला नाही. १७ डिसेंबर १९०३ला पाळी ऑर्व्हिलची होती. विमान ज्या गाड्यावरून लाकडी रुळावर धावले त्याची चाके म्हणजे सायकलचेच हब होते. १२ सेकंद, १२० फूट. त्या दिवशी चार उड्डाणे झाली, शेवटचे विल्बरचे ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे. साऱ्याचा खर्च हजार डॉलरच्या आत, आणि तो सायकलच्या दुकानाच्या कमाईतून.

पण स्वतः बनवलेला भाग जसा मान देतो तसा तो हिशेबही मागतो. १७ सप्टेंबर १९०८ रोजी वॉशिंग्टनजवळ फोर्ट मायर येथे सैन्यासमोर प्रात्यक्षिक चालू होते. ऑर्व्हिलशेजारी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज हे तरुण अधिकारी बसले होते. हवेत असताना एका पंख्याचे लाकूड चिरले. पंखा थरथरू लागला आणि त्याचे पाते शेपटाच्या तारेला जाऊन भिडले. विमान नाकावर कोसळले. सेल्फ्रिज त्याच संध्याकाळी गेले. इंजिनच्या विमानाच्या अपघातात मरण पावलेले ते जगातील पहिले. ऑर्व्हिलची डावी मांडी आणि बरगड्या मोडल्या. बहीण कॅथरिन शाळेतली शिक्षिकेची नोकरी बाजूला ठेवून धावत आली आणि कित्येक आठवडे तिने त्याची शुश्रूषा केली. अंथरुणावरच्या ऑर्व्हिलने मोडलेले तुकडे खाटेजवळ आणवले आणि कोणता भाग आधी तुटला, मग काय तुटले, याचा माग काढला. दोष वाऱ्यावर किंवा नशिबावर त्याने टाकला नाही. पुढच्या वर्षी सुधारलेले विमान घेऊन तो त्याच मैदानावर परत गेला आणि चाचण्या पुऱ्या केल्या. पायाचे दुखणे मात्र त्याला जन्मभर पुरले.

१९१२ साली विल्बर विषमज्वराने वारला, अवघ्या ४५व्या वर्षी. त्यानंतर ऑर्व्हिलचे मन धंद्यात रमले नाही. १९१५ मध्ये त्याने कंपनी विकली. १९१८ नंतर त्याने स्वतः विमान चालवले नाही. दोघांनीही लग्न केले नव्हते. पुढची वर्षे फारशी सुखाची नाहीत. लँगले यांचे विमान आधी उडू शकत होते असा दावा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने केला, तेव्हा रागावून ऑर्व्हिलने १९०३चे विमान १९२८ साली लंडनच्या संग्रहालयाला पाठवून दिले. संस्थेने १९४२ मध्ये चूक मान्य केली. ज्या बहिणीने त्याला मृत्यूच्या दारातून परत आणले तिने १९२६ साली लग्न केले, म्हणून त्याने तिच्याशी बोलणे टाकले. १९२९ मध्ये ती न्यूमोनियाने शेवटच्या घटका मोजत असताना तो तिच्याजवळ पोचला. थोर माणसाच्या चरित्रात हेही लिहिले पाहिजे.

डेटनचे सायकलचे दुकान हेन्री फोर्ड यांनी १९३६-३७ मध्ये उचलून मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे आपल्या संग्रहालयात नेऊन उभारले, ते आजही तिथे पाहता येते. ऑर्व्हिल म्हातारपणीही घरात काही ना काही खटपट करीत असे. नळांची रचना त्याची, पाव भाजायचे यंत्र त्याचे. जानेवारी १९४८च्या २७ तारखेला सकाळी तो घराची बिघडलेली दारावरची घंटा दुरुस्त करीत होता. तळघरातून दारापर्यंत आणि दारापासून तळघरापर्यंत अशा त्याच्या फेऱ्या चालल्या होत्या. नंतर तो आपल्या प्रयोगशाळेत गेला आणि तिथे त्याला हृदयविकाराचा झटका आला. तीन दिवसांनी, ३० जानेवारी १९४८ला, ७६व्या वर्षी तो रुग्णालयात वारला. ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तोच हा दिवस. लंडनला गेलेले विमान त्याच वर्षी १७ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये परत आणून लावले गेले, पण ते पाहायला तो नव्हता.